ग्राफिक्स कार्डासाठी बायोसमधील मेमरीची सेटिंग्ज : कोणते बदलावे, कोणत्या क्रमाने बदलावे?

परभणीकर

सप्रेम नमस्कार. परभणी आणि आसपासच्या तालुक्यांत लग्नांचे चित्रीकरण व संपादन हा माझा व्यवसाय आहे. नवा कॅमेरा एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ या प्रकारात चित्रण करतो आणि माझ्या जुन्या ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डाला ते हार्डवेअरवर उलगडता येत नव्हते, म्हणून लग्नसराईच्या तोंडावर मी इंटेलचे आर्क ए७५० हे ८ जीबीचे कार्ड घेतले. बाकी सारे जुनेच आहे : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि विंडोज १० असलेला एक एसएसडी.

कार्ड बसले, ड्रायव्हर चढला, चित्रही आले. परंतु टाइमलाइनवर एका क्लिपवरून दुसरीवर जाताना चित्र क्षणभर थबकते. मंगलाष्टकांच्या प्रसंगात चार कॅमेऱ्यांचे चित्रण एकाखाली एक लावले की हे थबकणे इतके वाढते की आवाज पुढे जातो आणि अक्षता मागाहून पडतात. जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहिले, तर ‘रिसायझेबल बार’ या ओळीसमोर ‘डिसेबल्ड’ असे दिसले.

बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच चालणाऱ्या, मदरबोर्डावरील प्रोग्राममध्ये) ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ हे सेटिंग सापडले. ते ‘ऑटो’वरून २ जीबी केले, काही फरक पडला नाही. ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ सुरू केले, तरी ‘डिसेबल्ड’च राहिले. कोणीतरी ‘सीएसएम’ बंद करण्यास सांगितले होते. ते बंद केल्यावर संगणक विंडोजमध्ये जाईनाच आणि दर वेळी बायोसच्याच पडद्यावर येऊन थांबू लागला. सीएसएम पुन्हा सुरू केल्यावर सर्व पूर्ववत झाले.

या सेटिंग्जचा एकमेकांशी काय संबंध आहे, ती कोणत्या क्रमाने बदलावीत, आणि विंडोज नव्याने न टाकता हे होईल का, असे माझे तीन प्रश्न आहेत. विंडोज नव्याने टाकले, तर सगळे फाँट, प्लगइन आणि अर्धवट प्रकल्प पुन्हा मांडायला किमान दोन दिवस जातील, आणि पाच कुटुंबांना मी या आठवड्याचा शब्द दिलेला आहे.

दुरुस्तीघर, लातूर

परभणीकर, तुमच्या कार्डात कोणताही दोष दिसत नाही. बायोसमध्ये ‘मेमरी’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो, आणि दुकानात येणाऱ्या दहांतील आठ जण त्यांची गल्लत करतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘यूएमए फ्रेम बफर’ म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्ससाठी मुख्य रॅममधून काढून ठेवलेला वाटा. इंटेलच्या बोर्डांवर त्याच प्रकारच्या सेटिंगला ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ म्हणतात. तुमच्या रायझन ५ ३६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे तो वाटा घेणारा कोणी नाही. वेगळ्या कार्डाची मेमरी त्या कार्डावरच बसवलेली असते. बायोसमधून ती एक एमबीनेही वाढत नाही. ते सेटिंग ‘ऑटो’वर परत ठेवा.

दुसरा विषय पत्त्यांचा आहे. प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीपर्यंत पोहोचायचे असेल, तर त्या मेमरीला पत्ते द्यावे लागतात, जसे शेताला गट क्रमांक असतो. ३२ बिटांत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे बरोबर ४ जीबी मावतात, आणि त्यातच रॅमचा काही भाग, नेटवर्क, यूएसबी, साउंड असे सगळे दाटीवाटीने बसलेले असतात. ८ जीबीच्या कार्डाला त्या पट्ट्यात सलग जागा मिळणे शक्यच नाही. ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ सुरू केले की ४ जीबीच्या पलीकडचे क्रमांकही उपकरणांना देता येतात. म्हणजे हे सेटिंग जागा मोकळी करून देते, त्यापलीकडे त्याचे काम नाही.

त्या मोकळ्या जागेचा उपयोग करते ते तिसरे, ‘रिसायझेबल बार’. बार म्हणजे बेस ॲड्रेस रजिस्टर. कार्डाच्या मेमरीत डोकावण्याची प्रोसेसरची खिडकी कोठे आहे आणि केवढी आहे, हे त्यात नोंदलेले असते. परंपरेने ही खिडकी २५६ एमबीची आहे. मोंढ्यातल्या मोठ्या गोदामाला एकच झरोका असावा आणि हमालाला आतली पोती हवी तशी न उचलता, झरोका या भिंतीवरून त्या भिंतीवर सरकवत समोर येतील तीच उचलावी लागावीत, तसे हे आहे. तुमच्या ८ जीबीत अशा ३२ खिडक्या मावतात. रिसायझेबल बार सुरू झाला की सगळे गोदाम एकदम समोर उघडे होते.

ही सोय पीसीआय एक्सप्रेसच्या मानकात २००८ पासून आहे, पण घरगुती संगणकांत ती गाजली ती २०२० च्या अखेरीस, एएमडीने आरएक्स ६००० मालिकेबरोबर ‘स्मार्ट ॲक्सेस मेमरी’ या नावाने ती पुढे आणल्यावर. एनव्हिडियाने २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेला ती दिली. त्या दोघांच्या कार्डांवर फरक थोडाच पडतो. काही गेममध्ये तो जाणवतही नाही आणि एखाद्या गेममध्ये वेग उलट कमी होतो, म्हणून एनव्हिडिया प्रत्येक गेम तपासून मगच ती लागू करते. आर्क कार्डांची गोष्ट निराळी आहे. त्यांची रचना मोठी खिडकी गृहीत धरूनच झालेली आहे आणि रिसायझेबल बार असलेल्या संगणकातच ही कार्डे वापरावीत, असे इंटेल स्वतः सांगते. तुमच्याकडचे थबकणे मला त्यातलेच वाटते.

सीएसएमचा अडथळा असा आहे की ती जुन्या बायोसची नक्कल करणारी व्यवस्था आहे आणि ती चालू असताना बहुतेक बोर्ड रिसायझेबल बार देत नाहीत. ती बंद केली की संगणक शुद्ध यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतो, आणि त्यासाठी विंडोजची डिस्क जीपीटी मांडणीची (डिस्कवरील भागांची नोंद ठेवण्याच्या नव्या पद्धतीची) असावी लागते. तुमची डिस्क जुन्या एमबीआर मांडणीची असणार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क ०’ वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स येथे पाहून कळवा. बायोसची तारीखही कळवा.

आंबेजोगाईचा विद्यार्थी

मध्येच विचारतो, त्याबद्दल क्षमस्व. सर, माझ्याकडे रायझन ५ ५६००जी आहे आणि ८ जीबीची एकच पट्टी आहे. वेगळे कार्ड घेण्याची सध्या ऐपत नाही. ब्लेंडर शिकण्यासाठी यूएमए ४ जीबी केले, तर विंडोज फारच मंद झाले. चूक कोठे झाली?

दुरुस्तीघर, लातूर

तुमच्या बाबतीत ते सेटिंग खरोखर काम करते, म्हणूनच त्रास झाला. आठातले चार काढून ठेवले, तर विंडोजला चारच उरले. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ या शब्दांसमोर तो आकडा दिसेल. विंडोज गरजेप्रमाणे निम्म्यापर्यंत रॅम ग्राफिक्सला ‘शेअर्ड’ म्हणून देतेच, त्यामुळे ‘ऑटो’ किंवा ५१२ एमबी ठेवा. एखादा प्रोग्राम सुरुवातीलाच ‘कार्डाची मेमरी अपुरी आहे’ म्हणून अडत असेल, तेवढ्यापुरते २ जीबी करावे.

तुमची खरी अडचण एकच पट्टी असण्यात आहे. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन चॅनलवर दोन पट्ट्या असतील तर ५१.२ जीबी. परभणीकरांच्या कार्डावरील मेमरी ५१२ जीबी नेते. यावरून अंगभूत ग्राफिक्सची उपासमार कोठे होते ते लक्षात येईल. पैसे साठले की आधी त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी घ्या आणि दोन्ही पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावा. बहुतेक चार खाचांच्या बोर्डांवर तीच जागा असते, तरी पुस्तिकेतील आकृती एकदा पाहून घ्या.

परभणीकर

दादा, डिस्क एमबीआरच निघाली. बायोस २०१९ चा आहे. विंडोजमध्ये असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या सोयीबद्दल वाचून, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून, आधी फक्त ‘व्हॅलिडेट’ करून पाहिले. ते नापास झाले. डिस्कवर सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी आणि ई असे चार भाग आहेत. संगणक जोडून देणाऱ्याने तसे करून दिले होते.

दुरुस्तीघर, लातूर

आधी तपासून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. थेट ‘कन्व्हर्ट’ करणारे बरेच आहेत.

नापास होण्याचे कारण तुमच्या चार भागांतच आहे. ही सोय जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालवून घेते, कारण चौथ्या जागी तिला यूईएफआयचा छोटा भाग बसवायचा असतो. आणि ‘एक्स्टेंडेड’ व त्याच्या पोटातले ‘लॉजिकल’ भाग तिला मुळीच चालत नाहीत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये चौथा भाग केला की तो बहुधा एक्स्टेंडेडच्या पोटात जातो. तुमचा ई तसा असेल, तर त्याच्याभोवती हिरवी चौकट दिसेल.

ई मधले सर्व काही बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यातल्या चार-दोन मोठ्या फाइली तेथून उघडून पाहा, आणि मगच ई व त्याभोवतीचा एक्स्टेंडेड भाग काढून टाका. सी आणि डी चीही प्रत हवीच. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप) चालू असेल तर स्थगित करा. त्यानंतर पुन्हा व्हॅलिडेट. ते उत्तीर्ण झाले तरच कन्व्हर्ट. चालू विंडोजमधून हे करत असल्यामुळे दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. रूपांतर झाल्यावर जुन्या लेगसी पद्धतीने ते विंडोज सुरू होणार नाही, म्हणून पुढच्या रीस्टार्टला थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद करा आणि बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला ठेवा.

विंडोज नीट उघडल्यावरच पुढे जा. २०१९ च्या बायोसमध्ये रिसायझेबल बारचे सेटिंग नसणार. तुमच्या बोर्डाच्या मॉडेलचे आणि रिव्हिजनचे नवे बायोस निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या. रिव्हिजनचा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो टॉर्च लावून वाचा.

मोसंबीबाग, जालना

बायोस अद्ययावत करण्याबद्दल माझा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. मे महिन्यात, दुपारी, इन्व्हर्टरच्या भरवशावर मी एका ग्राहकाच्या बोर्डाचे बायोस बदलायला घेतले. काम किती झाले ते दाखवणारी पट्टी ६० टक्क्यांच्या आसपास असताना वीज गेली. इन्व्हर्टरने पंखा आणि दिवा चालू ठेवला, पण वीज बदलण्याच्या त्या क्षणात संगणक मात्र बंद पडला. त्यानंतर पंखे फिरत, पडदा काळाच राही. त्या बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे बिघडलेले बायोस पेन ड्राइव्हवरून परत लिहिण्याचे, बटण नव्हते. शेवटी बोर्ड छत्रपती संभाजीनगरला पाठवून बायोसची आठ पायांची चिप प्रोग्रामरवर नव्याने लिहून घ्यावी लागली, आणि ग्राहकाचे काम नऊ दिवस अडले.

तेव्हापासून मी हे काम संगणकासाठीच्या यूपीएसवरच करतो आणि त्याआधी मॉनिटर चालू ठेवून मुख्य बटण बंद करून पाहतो की संगणक डोळेही न मिचकावता चालू राहतो का. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा आणि त्यावर त्या एका फाइलखेरीज काही नसावे. परभणीकर, वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळा, पहाटे करा.

गोदाकाठ, नांदेड

‘अबव्ह फोर-जी’ हे सेटिंग नसलेल्या बोर्डावर काय होते, याचे उदाहरण माझ्याकडे आहे. जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे आम्ही गावोगावी जमवली आहेत आणि आवाजावरून मजकूर करणारी प्रणाली ती प्राथमिक स्वरूपात लिहून देते. मग आम्ही ऐकून दुरुस्त करतो. त्यासाठी मी टेस्ला पी४० हे २४ जीबीचे जुने सर्व्हर कार्ड घेतले. खिडकीचा आकार नेहमी दोनच्या घातात असावा लागतो, म्हणून २४ जीबीच्या कार्डाला पूर्ण उघडायला ३२ जीबीची खिडकी लागते. माझ्या जुन्या कार्यालयीन संगणकाच्या बायोसमध्ये ४ जीबीच्या पलीकडे पत्ते देण्याची सोयच नव्हती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळे चिन्ह आले आणि आत ‘कोड १२’, म्हणजे या उपकरणाला पुरेशी मोकळी संसाधने मिळत नाहीत, असे लिहिलेले होते. मी दोन आठवडे ड्रायव्हर बदलत बसले. त्याचा काहीही उपयोग नव्हता, कारण मुळात जागाच नव्हती. बोर्ड बदलला, ते एक सेटिंग सुरू केले आणि कार्ड पहिल्याच वेळी ओळखले गेले.

या कार्डाला मॉनिटर जोडण्याची जागा नसते. त्यामुळे चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून घ्यावे लागते आणि बायोसमधील ‘प्रायमरी डिस्प्ले’ त्याकडे वळवावा लागतो. अशा वेळी अंगभूत ग्राफिक्सचा वाटा ६४ एमबी ठेवला तरी मजकुराच्या कामाला पुरतो, आणि उरलेली रॅम खऱ्या कामाला मिळते.

दुरुस्तीघर, लातूर

ताई, कोड १२ चा उल्लेख केलात हे बरे झाले. पुष्कळ लोक अशी कार्डे ‘खराब’ म्हणून परत करतात.

सीएसएम बंद करणाऱ्या इतरांसाठी एक सूचना : वापरलेले जुने कार्ड असेल, तर त्याच्या व्ही-बायोसमध्ये (कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये) यूईएफआयचा आधार आहे का ते आधी पाहा. जीपीयू-झेडमध्ये ‘यूईएफआय’ या शब्दासमोर खूण असते. २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांत तो नसतो, आणि मग सीएसएम बंद करताच पडदा काळा होतो. कार्ड मेले असे समजू नका. वीज काढून, मागची तार ओढून, बोर्डावरील ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षणभर जोडल्या की सेटिंग्ज मूळ स्थितीला येतात.

हिंगोलीचे माजी लॅबचालक

वीस वर्षांपूर्वी आमच्या संगणकवर्गात एजीपीची (ग्राफिक्ससाठीच्या जुन्या प्रकारच्या खाचेत बसणारी) कार्डे होती आणि बायोसमध्ये ‘एजीपी ॲपर्चर साइझ’ असे सेटिंग होते. आम्ही ते बहुधा ६४ किंवा १२८ एमबी ठेवत असू. त्याचा आणि आजच्या खिडकीचा काही संबंध आहे का?

दुरुस्तीघर, लातूर

दिशा उलटी होती. तेव्हा कार्डाला मुख्य रॅममध्ये डोकावता यावे म्हणून तो पत्त्यांचा पट्टा राखला जाई. कार्डावरील मेमरी अपुरी पडली की टेक्स्चर त्यामार्गे रॅममधून वाचली जात. आता प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत डोकावायचे आहे. तेव्हाही तो आकडा वाढवला म्हणून तेवढी रॅम लगेच खर्ची पडत नसे, हे मात्र आजच्यासारखेच.

परभणीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रभर प्रती घेतल्या आणि आज पहाटे साडेचारला कामाला बसलो. ई काढल्यावर व्हॅलिडेट उत्तीर्ण झाले. कन्व्हर्टला काही मिनिटेच लागली. सीएसएम बंद केल्यावर विंडोज उघडले, तेव्हा जिवात जीव आला.

शेजारच्या छपाईवाल्यांकडून यूपीएस आणला होता. जालन्याच्या बंधूंनी सांगितल्याप्रमाणे बटण बंद करून तो पारखून घेतला आणि मग बायोस बदलले. त्यानंतर सगळी सेटिंग्ज मूळ स्थितीला गेली होती, हे मात्र मला ठाऊक नव्हते. रॅम ३२०० ऐवजी २४०० वर चालत होती, म्हणून एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग) पुन्हा लावले. सीएसएम पुन्हा बंद केले. मग अबव्ह फोर-जी डिकोडिंग सुरू करताच त्याच्या खाली आधी कधीच न दिसलेली ‘री-साइझ बार सपोर्ट’ ही ओळ उमटली. ती ‘ऑटो’ केली.

जीपीयू-झेडमध्ये आता ‘एनेबल्ड’ आहे, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या रिसोर्सेसखाली ‘लार्ज मेमरी रेंज’ अशी नवी ओळ आली आहे. मंगलाष्टकांचा तोच प्रसंग चार कॅमेऱ्यांसह चालवला. अक्षता शब्दाबरोबर पडतात. पाचांपैकी पहिले लग्न आज संध्याकाळी पोहोचते करतो.

परभणीकर (बारा दिवसांनंतर)

पुन्हा लिहीत आहे, कारण काल सकाळपासून टाइमलाइन पूर्वीसारखीच थबकू लागली होती. ड्रायव्हर तोच, प्रकल्प तोच, पण जीपीयू-झेडमध्ये पुन्हा ‘डिसेबल्ड’. विंडोज मात्र नीट उघडते. परवा रात्री वादळात आमच्या भागातील वीज सहा-सात तास गेली होती, एवढेच वेगळे घडले.

दुरुस्तीघर, लातूर

संगणक सुरू होताना घड्याळ कोणती तारीख दाखवते?

परभणीकर

बायोसमध्ये २०१९ ची तारीख दिसते आहे. सकाळी दोन-तीन संकेतस्थळेही ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नव्हती. तो इंटरनेटचा दोष असावा असे मी समजलो होतो.

दुरुस्तीघर, लातूर

मग बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. वीज असेपर्यंत सेटिंग्ज आणि घड्याळ एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जोरावर टिकतात. मुख्य बटण बंद केले किंवा वीज दीर्घकाळ गेली की ती जबाबदारी त्या सेलवर येते. तो उतरल्यामुळे बायोस मूळ स्थितीला गेले आणि सीएसएम परत आले. मूळ स्थितीत लेगसी आणि यूईएफआय दोन्ही चालू असल्याने तुमचे विंडोज उघडते आहे, पण खिडकी मात्र पुन्हा २५६ एमबीची झाली आहे. सेल ३ व्होल्टचा असतो. मीटर असेल तर मोजून पाहा.

परभणीकर

२.४ व्होल्ट भरला. घड्याळवाल्यांकडून नवा सेल आणून बसवला, एक्सएमपी, सीएसएम, अबव्ह फोर-जी आणि बार याच क्रमाने लावले, तारीख दुरुस्त केली. त्यानंतर मुख्य बटण बंद करून, तार काढून, जेवून आलो. अर्ध्या तासाने सुरू केल्यावर तारीख बरोबर आहे आणि ‘एनेबल्ड’ कायम आहे. चारही सेटिंग्जची पाने मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवली आहेत आणि एक प्रत छापून सीपीयूच्या डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.